पोळ्याच्या रांगेतलं इंजन

बैल नसलेल्या माणसाले पोळ्याच्या दिवशी काय काम? बाकीच्यायचे बैल पाहाचे, पोळी खाची अन् झोपाचं. बोरी अरबच्या अंगाले आमचा तांडा. तांड्यातला धावजी वीस वर्सं असाच पोळा करत आला. त्याच्या बापाजवळ बैल नोते, त्याच्याजवळबी नोते. तो दारव्ह्याच्या टेसनावर लहान लायनीच्या गाडीले कोळसा भरे. टोपलं डोक्यावर, मान ताठ, अन् दात तेवढे पांढरे. तांड्यात शिरला का कुत्रे त्याले न ओळखून भुकत.

पण धावजीले रांगेत उभं राहाचं होतं. पोळ्याच्या तोरणाखाली, हातात कासरा धरून, चार माणसासारखं. दुसरं काही त्यानं जन्मात मागतलं नाई.

रांगेचा मालक हिरासिंग, तांड्याचा नाईक. आमच्या तांड्यात रीत अशी का तोरण तुटाच्या आंधी नाईक रांगेतून फिरे अन् हरेक बैलाच्या खांद्यावर हात ठेवे. जुवानं घासून घट्टा पडला असला तं बैल रांगेत. घट्टा नसला तं बाहेर, मंग तो किती का देखणा असेना. "हा कामाचा सण आहे, रूपाचा नाई," असं म्हणे. एकदा त्यानं सख्ख्या साळ्याचा गोऱ्हा हाकलला, तं साळा तीन साल जेवाले आला नाई.

एकसष्टच्या पोळ्याले धावजीनं एक उद्योग केला. सागाचा ओंडका कोरून, राकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून, हातभर लांब इंजन बनवलं. चाकं फिरत, धुराडं उभं, मांगं डबा जोडाचा आकडा. वरतून काळा रोगन असा चोपडला का त्यात तोंड पाहून भांग पाडता आला असता. कासरा बांधला अन् जाऊन रांगेत उभा राह्यला.

हिरासिंग आला, थांबला.

"हे काय होय गा?"

"माहा बैल होय, नाईक. कोळसा खाते, पानी पेते, वझं ओढते."

लोक हासले. हिरासिंग नाई हासला. त्याच्या आज्याची लदेणी होती, बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरे. आगगाड्या आल्या अन् ते बैल बिनकामाचे बसले.

"यानं आमचे बैल बसवले, अन् तू त्याले बैलाच्या रांगेत आनतं? बरं, आनलं तं आनलं. घट्टा कोठी आहे याचा? हे तं काल बाजारातून आनलेलं दिसते. उद्या तान्ह्या पोळ्याले पोट्ट्यायच्या लाकडी बैलायसंगं पाठव."

धावजी इंजन काखेत मारून घरी आला. त्याची बायको जमनी चुलीजवळ होती. तिनं तोंड पाह्यलं अन् पोळी पुढं सरकवली. धावजी खाऊन उठला अन् म्हणे, "नाईक बरोबर बोलला."

"काय बरोबर बोलला?"

"नवं इंजन म्या कधी पाह्यलंच नाई वं. न पाह्यलेलं बनवलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कोळसा भरता भरता इंजन पाहाले सुरुवात केली. इतकी वर्सं ते फक्त टोपलं रिकामं कराची जागा होती. धुराड्याच्या तोंडाशी काजळी जाड, मांगं मांगं पातळ. जिथं गरम पानी ठिपकते तिथं पांढरे ओघळ. चाकाच्या कडेले तांबूस गंज. अन् डायवर हुसेनचाचा पानाचा शौकीन, त्याच्या बाजूनं पायरीखाली लाल पट्टा. तो पट्टा पाहून आंधळाबी सांगल का गाडी कोनाची आहे.

मंग घरी काम चाललं. कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात घोटून लावली, वाळू देल्ली, परत लावली. चुन्याच्या पान्याचे ओघळ सोडले. गेरू कालवून चाकायले गंज आनला. पान त्यानं जन्मात खाल्लं नोतं. पट्ट्यासाठी खाल्लं, घेरी येऊन ओसरीत पडला, पण पिचकारी बराबर जागेवर मारली.

जमनी म्हणे, "लोकायचे नवरे घर सारवते, माहा घान करून राह्यला."

वर्स सरलं. पोळा तोंडावर आला तवा धावजीले वाटलं, अजून थोडं पायजे. लोभ वाईट. त्यानं कोळशाची भुकटी कापडातून चाळली अन् साऱ्या इंजनावर भुरभुरली, आकड्यासगट. इंजन असं काळंकुट्ट झालं का भुताले भेव वाटावं. धावजी खूश. इंजन ओसरीत ठेवलं अन् सकाऊन टेसनावर गेला, काहून का पोळा असो का शिमगा, गाडी येतेच.

आता आमच्याकडं पोळ्याच्या सकाळी काय होते? जे जे वर्सभर राबलं ते धुवाचं. बैल, बंडी, जू, नांगर, सारं. जमनी उठली, पाह्यते तं ओसरीत सनाच्या दिवशी हे काळं ध्यान. तिनं ते उचललं अन् नाल्यावर नेलं. चुलीची राख घेतली, घोसाळ्याची चोथी घेतली अन् लागली घासाले.

बाजूले लालीबाई आपल्या देराचे बैल धूत होती. म्हणे, "काय वं जमने, सवतीले आंघोळ घालतं काय?"

"सवत झाली म्हनून काय झालं? सनाले मळकी कशी ठिऊ?"

धावजी आला तवा इंजन उन्हात वाळत होतं. त्यानं पाह्यलं अन् जमिनीवरच बसला.

"वर्साचा मळ घालवला वं तू."

"मळ गेला म्हनून रडनारा मानूस मी पहिल्यांदाच पाह्यला," जमनी म्हणे. पण आवाज बारीक झाला होता. "वाजा वाजाले लागला तिकडं. उठा. न्या तं खरं."

न्याले नाई म्हटलं असतं तं वर्सभर तांडा पुसत राह्यला असता. धावजीनं पाह्यलंबी नाई, कासरा बांधला अन् रांगेच्या शेवटी जाऊन मान खाली घालून उभा राह्यला. मी त्याच्या समोरच होतो.

हिरासिंग बैल तपासत तपासत आला. इंजनाजवळ बसला. त्यानं तळहात त्याच्या अंगावरून फिरवला, जोरात, अन् उलटा करून पाह्यला. आमीबी पाह्यलं. हात साफ होता. भुकटी लागली असती तं तिथंच म्हणाला असता, काजळ फासून नवरी आनली. पण वरची भुकटी नाल्यात गेली होती. जवसाच्या तेलात मुरलेली काजळी मातर सांध्यासांध्यात, खिळ्याखिळ्यात बसेल होती. वरच्या अंगाले पुसट, खोबणीत काळी. टेसनावर साफ करनारे रोज सकाऊन इंजन पुसते, तवा ते असंच दिसते.

"पट्टा हुसेनचा," घासूनबी न गेलेल्या लाल डागाकडं पाहून हिरासिंग म्हणे. आठवड्याच्या बाजाराले तो त्याच गाडीनं जाये.

"हाव."

"अन् घट्टा?"

 घट्टा करतो करतो म्हणता धावजीनं बाकी सारं केलं, तोच राह्यला होता. पण हिरासिंगची बोटं तोवर मांगच्या आकड्यावर गेल्ती. सारं इंजन काळपट, अन् आकडा तेवढा उघडा, चकचकीत. जमनीनं राखेनं घासघासून पार आतला पत्रा उघडा पाडला होता. डबे ओढून ओढून आकडा घासते तं असाच होते.

हिरासिंगनं बोट त्या आकड्यावर मांगं-पुढं फिरवलं. मंग बायकायकडं पाहून म्हणे, "हळद-लोनी आना."

खांद्याले हळद-लोनी लावाची खांदशेकणी आदल्या सांजेले झाली होती, साऱ्या बैलायची. याची राह्यली होती. नाईकानं आपल्या हातानं आकड्याले हळद-लोनी लावलं अन् उठताना म्हणे, "वझं ओढेल आहे हे. राहू द्या रांगेत."

तोरण तुटलं तशी धूम झाली. धावजीनं इंजन डोक्यावर घेतलं, टोपल्यासारखं, अन् बैलायच्या बराबरीनं पळाला. दोन बैल तं त्यानं मांगं टाकले. त्यातला एक लालीबाईच्या देराचा होता, अन् ते त्यायनं मनावर घेतलं.

मंग घरोघरी बैल फिरवाचे असते. आमी पाह्यत होतो का इंजनाले कोन काय देते. लालीबाईनं पाट मांडला, कुंकू लावलं, पुरनाची पोळी ठेवली अन् पोळीवर कोळशाचा एक खडा. पुढच्या दारातबी पोळी अन् खडा. जमनी मांगून टोपलं घेऊन चालत होती. टोपलं भरलं तवा तिनं ते धावजीच्या डोक्यावर देल्लं अन् इंजन आपन घेतलं.