शेवटी बोलायचा नियम

आमच्या मामीला रंग मानेने कळतो. बघायची ती डोळ्यांनीच, पण दोन तुकडे जुळले नाहीत की तिचा डावा हात आपोआप मानेमागे जायचा, डास चावल्यासारखा. मग म्हणायची, "नाही. पुन्हा टाका." कुठे चुकलंय ते विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. "मला काय माहीत? मानेला विचारा," म्हणून हसायची.

कापड रंगवायच्या कारखान्यात ती रंगाची शेड जुळते का ते बघायची. कापड रंगून वाळलं की त्याचा तुकडा आणि गिऱ्हाइकाचा नमुना उत्तरेच्या खिडकीपाशी टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. मामी आणि आणखी चौघं तिथे उभे राहायचे आणि एकेकाने बोलायचं, 'जुळलं' किंवा 'नाही'. सगळ्यांत नव्या माणसाने आधी, मामीने शेवटी. हा नियम तिनेच घातला होता. "मी आधी बोलले की सगळे माझीच री ओढतात. मग एवढी माणसं उभी कशाला करायची?" असं तिचं म्हणणं.

माझे वडील गेले तेव्हा मामीने आम्हाला तिच्या घराच्या खालच्या खोल्या दिल्या आणि आईला, म्हणजे तिच्या नणंदेला, कारखान्यात चिकटवलं. राखाडीत लपलेला निळा कसा शोधायचा, पिवळ्यातला हिरवा कसा ओळखायचा, सगळं तिनेच शिकवलं. आई सुरुवातीला घाबरून प्रत्येक तुकड्याला 'जुळलं' म्हणायची. मामी तिला बाजूला घेऊन सांगायची, "तुला दिसतं ते बोल गं. चुकलं तर मी आहे ना शेवटी."

मग मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा भाजी निवडता निवडता ती आईला म्हणाली, "निळा जरा जास्तच निळा दिसतोय. होईल सवय. पण कुठे बोलू नकोस." सवय झालीसुद्धा. पण आई बोलली. डब्याच्या सुट्टीत, सहज, काहीतरी बोलायचं म्हणून. माझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

कारखान्यात नवा मॅनेजर आला होता. खिडकीपाशी इतकी माणसं कशाला, हा त्याचा पहिला प्रश्न. मामीच्या डोळ्यांची गोष्ट त्याच्या कानावर गेली तेव्हा त्याने मामीला वगळून चौघांना आत बोलावलं. "बाईंच्या नजरेची खात्री करून घेऊ. राखाडी कापडाचे दोन तुकडे ठेवतो, एकात निळा जास्त. तुम्ही सगळे 'जुळलं' म्हणा. त्यांना फरक दिसला तर त्या 'नाही' म्हणतील आणि विषय संपेल. तुम्ही ऐकलं नाहीत, तर तुमच्यापैकी कुणाला कमी करायचं ते मला बघावं लागेल." एकाने मान डोलावली, दुसरीने डोलावली, तिसऱ्याने लगेच. हे आईनेच मला सांगितलं. वर म्हणते, "सगळे हो म्हणाले, मी एकटी नाही कशी म्हणणार होते?"

दुसऱ्या दिवशी तुकडे टेबलावर आले. मामीचा हात मानेमागे गेला. आईने तो बघितला. पहिला म्हणाला, "जुळलं." दुसरी म्हणाली, "जुळलं." तिसराही तेच म्हणाला. मामीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जुळलं."

मामीने एक तुकडा उचलला, उजेडात धरला, पुन्हा ठेवला. मग मानेवरचा हात खाली घेतला आणि म्हणाली, "जुळलं."

"हा फरक माझ्या ड्रायव्हरलाही दिसला असता," मॅनेजर म्हणाला. मामीने आईला एवढंच विचारलं, "तुला दिसत होता?" आई टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागली.

संध्याकाळी मामी जिन्यातच बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. "मला दिसला होता गं," ती म्हणाली. "पण वाटलं, माझे डोळे नवे आहेत. तुझ्या आईला दिसत नाही म्हणजे नसेलच. तिला तर मीच शिकवलंय." मला आईचा इतका राग आला की त्या दिवशी मी वरच जेवले. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आणि तोही मामीच्याच नियमाने.

मामी आता त्याच कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावते. खिडकीपाशी शेवटी बोलायचा मान आईकडे आलाय. घरी दोघी बोलतात. पाणी आलं का, दार लावलं का, एवढंच.

गेल्या रविवारी माझ्या कोटाचं बटण तुटलं. आईने दोऱ्याचं रीळ शोधलं, बराच वेळ हातात धरून बसली आणि मला घेऊन वर गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती मामीपुढे रंग घेऊन उभी होती.

"वहिनी, हा दोरा जुळतोय का बघ ना."

मामीने कोट मांडीवर घेतला, दोरा त्यावर ठेवला. तिचा हात मानेमागे गेला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिने हात खाली घेतला.

"आधी तू सांग," ती म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिला मदत करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"नाही," आई शेवटी म्हणाली. "नाही जुळत."

मामीने दोरा तिच्या हातात परत दिला, कोटाची घडी घालून तीही तिच्या हातावर ठेवली.

"बघ," ती म्हणाली. "एवढंच बोलायचं होतं गं."