उन्हातलं जाळं

"हितनं बघ. तितनं न्हाई गड्या, हितनं. वाईच वाक."

रामराम नाही, चहापाणी नाही. दंडाला धरून मामा माणसाला उन्हाच्या बरोबर समोर उभा करायचे, मानेवर हात ठेवून गाडीच्या बॉनेटवर वाकवायचे आणि त्याचा चेहरा पडेपर्यंत वाट बघायचे. चेहरा पडायचाच. मग ते समाधानानं म्हणायचे, "दिसलं न्हवं? जाळं. ही माया हाय, माया."

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सीट कव्हरचं दुकान आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामा गाड्यांना पॉलिश करायचे. ते मूळचे कवठे महांकाळकडचे. पुण्यात एका गॅरेजच्या रंगखात्यात अर्धं आयुष्य काढून इकडे आलेले. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही सगळे मामाच म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी.

आमची ओळख भांडणातून झाली. मी साताऱ्याच्या एका वकिलांकडून जुनी काळी गाडी घेतली होती. घरात एकच आनंद की काळ्या गाडीला वेगळी तीट लावायला नको. रोज सकाळी दुकान उघडलं की मी जुन्या बनियनचं फडकं घ्यायचो आणि गोल गोल फिरवून गाडी आरशासारखी करायचो. मामा समोर बशीतून चहा पीत ते बघायचे. चौथ्या दिवशी बशी ठेवून आले.

"पिल्लाला मांजर चाटतं तसं काय चाललंय रं?"

"गाडी पुसतोय. का? तुम्हाला काही त्रास?"

"मला न्हाई, तिला हाय. हितनं बघ."

वाकलो. बॉनेटमध्ये सूर्य दिसत होता आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं. कोळ्यानं रात्रभर बसून विणावं तसं जाळं. मान हलवली तर जाळंही हललं. सगळ्या गाडीवर होतं, आणि ते मी स्वतः, माझ्या बनियननं, रोज सकाळी प्रेमानं विणलं होतं.

खरं सांगतो, दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. अज्ञानात किती सुख असतं! मामांनी ते एका मिनिटात काढून घेतलं. तेव्हापासून मी लग्नाला गेलो तरी आधी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची बॉनेटं बघतो. तुम्हीही आज उन्हात बघा. म्हणजे मी एकटाच कशाला दुःखी राहू?

मामांचं म्हणणं सरळ होतं. धूळ म्हणजे बारीक दगड. कोरडं फडकं फिरवलं की ते दगड रंगावर घासतात. "गाडी रस्त्यानं खराब हुत न्हाई, पुसण्यानं हुती. पांढऱ्या गाडीचं पाप झाकतं. काळीचं दिसतं, येवढंच." म्हणून आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या, एक साबणाची आणि दुसरी धुण्याचा हातमोजा खळबळायला. वरनं खाली यायचं, हात सरळ रेषेत न्यायचा, गोल नाही. टिपायला मऊ, केसाळ कापड, आणि ते जमिनीवर पडलं की गेलं, पुन्हा गाडीला लावायचं नाही. इतके नियम तर आमच्या घरात सोवळ्यालासुद्धा नव्हते.

जाळं धरलंच तर मग मशीन. कडांना, जिथं रंग पातळ असतो तिथं, चिकटपट्टी लावायची, फोमच्या गोल गादीवर पॉलिशच्या मलमाचे चार ठिपके घ्यायचे आणि हळूहळू वरचा थर घासायचा. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. जाळं त्याच्यात असतं. तो थरच थोडा काढला की जाळं जातं. पण थरही जातो. म्हणून वर्षातून दुसऱ्यांदा गाडी आणणाऱ्याला मामा हाकलून द्यायचे. "ते काय केस हायत व्हय परत उगवाय? फडकं टाक, मग ये." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ड्रायव्हर लोकांच्या हातातली फडकी ते हिसकावून घ्यायचे. भर रस्त्यात. त्या फडक्यांच्या मामींनी गोधड्या शिवल्या होत्या.

हळदीच्या एका व्यापाऱ्यानं मोठी काळी गाडी घेतली, तेव्हा पूजेला मामांना मानानं बोलावलं होतं. मीही गेलो होतो. व्यापाऱ्याच्या आईनं, चांगल्या ऐंशीच्या पुढच्या बाईनं, हळदी-कुंकवात बोट बुडवलं आणि ती बॉनेटकडे निघाली. मामा आडवे आले.

"आवं आईसाहेब, बोट फिरवू नगा. नुसतं टेकवा."

"बोट न फिरवता स्वस्तिक कसं काढू? तुझ्या टाळक्यावर काढू का?"

"काडा की. पर हितं नगं. हळदीत कण असत्यात."

बाई हळदीच्या घरातली. हळदीत कण म्हटल्यावर तिथं काय झालं असेल! भटजी हसायला लागले, सुनांनी तोंडाला पदर लावले. शेवटी मामांनीच तोड काढली. "काचंवर काडा. काचंला जाळं धरत न्हाई." म्हातारीनं नाक मुरडून पुढच्या काचेवर स्वस्तिक काढलं. तेव्हापासून आमच्या भागात बऱ्याच नव्या गाड्यांचं स्वस्तिक काचेवर असतं. विचाराल तर आता प्रथाच म्हणून सांगतात.

असा हा माणूस. सगळ्या सांगलीला बघायला शिकवणारा.

गेल्या दसऱ्याच्या आधी मी गाडी त्यांच्याकडे दिली. तीन वर्षं फडक्याला शिवलो नव्हतो, म्हणून परवानगी मिळाली. एका दिवसाचं काम. दुसरा दिवस उजाडला तरी मशीन चालूच.

"झालं का मामा?"

"कुठलं? जाळं हाय अजून."

मी वाकलो. मला काही दिसेना. पण मला कधी दिसलं होतं? त्यांनी दाखवल्याशिवाय मला आयुष्यात काही दिसलं नव्हतं. मी दुकानात परतलो. ते चिकटपट्टी काढून कडेपर्यंत मशीन नेत होते, कारण त्यांना पट्टीच्या खालीही जाळं दिसत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ काढली, तेव्हा गाडीच्या पुढच्या दिव्याच्या वरच्या कडेला एक डाग दिसला. चिंचोक्याएवढा, राखाडी, मेलेला. पारदर्शक थर तिथं संपला होता आणि रंगही संपला होता. नवशिक्या पोरानं करावी अशी चूक मामांच्या हातून झाली होती.

बायको म्हणाली, "सांगा की त्यांना."

"सांगतो. दिवाळी होऊ दे."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एरवी मी गिऱ्हाइकाशी रेक्झिनच्या एका टाक्यावरून तासभर भांडतो. इथं मात्र मूग गिळून बसलो. मामा कडा बघतील म्हणून त्या डागावर मी एक स्टिकर चिकटवलं. 'आई-बाबांची कृपा'. मामांना स्टिकरचा तिटकारा. पण त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि खरी काळजी वाटायला पाहिजे होती ती तिथंच. त्यांना ते दिसलंच नव्हतं.

एकदा संध्याकाळी म्हणाले, "रस्त्यावरच्या दिव्यांना बी जाळं धरलंय गड्या." आम्ही सगळे खो खो हसलो. मामांनी किती झकास विनोद केला, म्हणून.

हसले नव्हते ते फक्त मामा.

दिवाळी झाली. मी सांगितलं नाही. रहिमतपूरच्या एका गुरुजींची गाडी आली, हळदवाल्याची आली, एका लग्नाची आली. प्रत्येक गाडीला दोन दोन, तीन तीन दिवस. मी दुकानातून मशीनचा आवाज ऐकत बसायचो आणि सुईत चुकीचा दोरा घालायचो.

मग मामी आल्या. कधी दुकानाची पायरी न चढलेल्या.

"दादा, सुईत दोरा मी त्यांच्याकडनं ओवून घ्यायची. आता त्यांनाच दिसंना झालाय. मोतीबिंदू हाय, दुसरं काय. मिरजंला दवाखान्यात चला म्हटलं तर अंगावर येत्यात."

"का पण? आजकाल दोन दिवसांचं काम असतं."

"दिवसांचं न्हाई वो. म्हणत्यात, मामाच्या डोळ्यात फूल पडलंय असं गावात झालं की कोण आपली गाडी देतंय? नाव गेलं की मग डोळं घिऊन काय करू, म्हणत्यात."

त्याच आठवड्यात साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदारांचा मामांसाठी माझ्याकडे फोन आला. आठ दिवसांची कोरी काळी गाडी, जाळं धरूच नये म्हणून आधीच कवचाचा थर चढवून घ्यायची होती. साऱ्या जन्माची हौस, असं ते मला दोनदा म्हणाले. गुरुवारी येणार होते. नव्या गाडीला मामा एरवी मशीन लावत नसत. पण त्यांना त्या कोऱ्या गाडीवरही जाळं दिसणार, हे मला आता पक्कं ठाऊक होतं.

तोंडानं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही. माझ्या काउंटरसाठी काळी काच येऊन पडली होती. ती मी दोन स्टुलांवर उन्हात आडवी ठेवली आणि कडा रेक्झिननं झाकल्या.

"मामा, एक बॉनेट आलंय. बघता का?"

ते आले. न सांगता उन्हाच्या समोर उभे राहिले, वाकले.

"जाळं हाय. लय हाय. कुणी चाटलंय रं येवढं?"

मग काय शंका आली कोण जाणे, त्यांनी हात पुढं केला, नखानं टिचकी मारली. टिण्ण.

"काच हाय व्हय?"

"व्हय मामा."

त्यांनी रेक्झिन बाजूला केलं. तळवा फिरवला. पुन्हा वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि म्हणाले, "आजून दिसतंय."

मला रडूच फुटलं. मामा मात्र सदरा झटकून म्हणाले, "त्या सुभेदाराला नगं म्हणून सांग. चल मिरजंला."

ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. मामा काळा चष्मा लावून घरात बसले. दीड महिन्यानं चष्मा काढून दुकानात आले, तेव्हा मी पेढे आणले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आयला, म्हातारा झालास की रं!" रस्त्यापलीकडच्या पाट्या त्यांनी एकेक करून वाचल्या. फळवाल्याच्या पाटीतली चूकही काढली. आम्ही इतके हसलो की स्टिकर त्यांच्या नजरेला पडायच्या आधी गाडी आत घ्यायची राहिली.

ते बोलता बोलता गाडीपाशी गेले. स्टिकरवर बोट ठेवलं. मग नखानं एक कोपरा उचलला आणि आई-बाबांची कृपा सावकाश सोलून काढली.

"हे कवाचं?"

"दसऱ्याचं."

"तुला कवा दिसलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि आता त्यांना दिसत होतं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

मामा बोटांवर मोजायला लागले. "गुरुजी. हळदवाला. लग्नाची." तीन बोटं झाली. ती तशीच धरून म्हणाले, "ह्या तीन गाड्या माझ्या न्हाईत गड्या. मला दिसत न्हवतं. तुला दिसत व्हतं."

"मामा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"व्हय. लय जपलंस मला."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

ते तिघांकडेही गेले, रहिमतपूरला तर एसटीनं. प्रत्येकाला त्याच्या गाडीवरची चूक स्वतः दाखवली. कुणीही रागावलं नाही. गुरुजींनी तर चहा पाजून सांगितलं की आमच्या कधी लक्षातही आलं नव्हतं, झकास दिसते गाडी. मामांनी मला हे सांगितलं तेव्हा मी मूर्खासारखा म्हणालो, "मग झालं तर!"

"तेच तर," मामा म्हणाले. "तू बी रागावला न्हाईस."

गुढीपाडव्याच्या आधी शेड रिकामी झाली. मामा-मामी कवठे महांकाळला गेले. मी अधूनमधून फोन करतो. मामा द्राक्षांचं बोलतात, पाण्याचं बोलतात, माझ्या बायकोची चौकशी करतात. डोळे उत्तम आहेत म्हणतात. गाडीचं मात्र विचारत नाहीत, आणि मीही काढत नाही.

तो डाग मी रंगवून घेतलेला नाही. कधी एखादं चोखंदळ गिऱ्हाईक वाकून बघतं आणि विचारतं, "हे कुणाचं काम हो?"

"माझं," मी म्हणतो.

ते हसतं. त्याला वाटतं, मी फडक्यानं जास्त घासली असेल.