दारावरचा नंबर

कानामागचा खडू काढायचा, गोदामाच्या पत्र्याच्या दाराकडे दाखवायचा आणि म्हणायचं, "नंबर सांगंल, मी न्हाई." भालकीजवळच्या आमच्या लहानशा स्टेशनावर मालबाबूंचं हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी दाराकडे बघायचो.

लढाईचे दिवस होते. मालगाडीचा डबा मिळणं मुश्कील झालं होतं. मी गुळाच्या अडत दुकानात गुमास्ता. ऊन चढलं की फलाटावरच्या ढेपा पाझरू लागत. डबा चार दिवस लांबला की माल गेलाच. म्हणून जो तो वशिला शोधत असे. त्यात हैदराबादेहून हुकूम आला: ज्याचा अर्ज आधी, त्याला डबा आधी. हुकूम उर्दूत, छापील, कचेरीतल्या खिळ्याला लटकवलेला. तुम्हीही असे हुकूम पाहिले असतील. बरेचसे लटकण्यासाठीच निघतात.

मालबाबूंनी मात्र तो मनावर घेतला. रोज सकाळी ते दारावर खडूनं नावं आणि नंबर लिहीत, उर्दूत, मराठीत आणि कानडीत. असं लिहा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना नाव वाचता येत नसे, ते आपला आकडा तेवढा ओळखायला शिकले.

एकदा एका जहागीरदाराचा कारभारी चिठ्ठी घेऊन आला. बाबूंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चिठ्ठी डोळ्यांना लावून परत केली आणि दारावर त्याचा नववा नंबर लिहिला. कारभारी तणतणत गेला. आम्ही अडतवालेही पाठीमागे त्यांना खडूबाबू म्हणायचो, आणि ते काही प्रेमानं नव्हे.

मग एका दुपारी चूक त्यांचीच झाली. वहीतून दारावर उतरवताना आमच्याच भागातल्या कल्याणकडच्या एका शेतकऱ्याचं नाव सुटलं. सगळे त्याला अप्पा म्हणत. डबा लागला, आमचा गूळ निम्मा भरून झाला, आणि अप्पा चाचरत म्हणाले, "बाबू, माझा आकडा दिसंना झालाय."

बाबूंनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी दोन तासांत निघणार होती. हमाल जेवायला गेलेले. मी म्हटलं, भरलाय तर जाऊ द्या, पुढचा डबा अप्पांना द्या. बाबूंनी सरकारी कोट काढून हुकमाच्या खिळ्यालाच अडकवला.

"चूक माझी हाय. डबा अप्पांचा हाय," म्हणाले, आणि आमची पहिली ढेप खांद्यावर घेऊन बाहेर काढली.

मी तोंड फिरवून उभा राहिलो. पाचव्या ढेपेला मला लाज वाटली आणि मीही खांदा दिला. अप्पांचा गूळ भरून गाडी हलली तेव्हा बाबूंचा सदरा चिकट झाला होता आणि त्यावर माशा घोंगावत होत्या. आमच्या ढेपा उन्हात पडल्यात हे मी विसरूनच गेलो. अशा माणसाच्या स्टेशनावर आपण काम करतो, याचा मला फार अभिमान वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. का, ते कुणी सांगितलं नाही. जाताना उरलेला खडू त्यांनी दाराच्या कडीवर ठेवला.

नव्या बाबूंनी दारावर लिहिणं बंद केलं. माणूस गोड होता. महिन्याभरात मला हळूच म्हणाला, उद्याचा डबा तुमच्या दुकानाला. मी खुशीत बैलगाड्या घेऊन गेलो, तर दारावर वेडेवाकडे आकडे. नावं नाहीत, नुसते आकडे. समोर घोंगडीवर अप्पा बसलेले.

मी विचारलं, हे कुणी लिहिलं?

"आमीच. जो आधी आला त्याचा आकडा आधी. तुमचा सातवा हाय, अण्णा."

मी नव्या बाबूंचा शब्द सांगितला. अप्पांनी वाद घातला नाही. कानामागचा खडू काढून दाराकडे दाखवला.

मी बैल सोडायला सांगितले.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "डबा कामून न्हाई भेटला?"

"मालबाबू न्हाई म्हणले."

"त्यांची तर बदली झालीय की."

"व्हय," मी म्हणालो, "पण तिथं अजून त्यांचंच चालायलंय."