बोल्टवरच्या तिरप्या रेघा

पारखीण हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण गावाला दुसरं ठाऊक नव्हतं. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या विहिरीच्या गाळात जुन्या रायफलीचा गंजका तुकडा सापडला, त्यावर ना आकडा ना छाप, की तो फडक्यात गुंडाळून तिच्या दुकानात यायचा. ती चष्मा कपाळावर सारायची आणि आधी बोटांनी बघायची. "ही तेलाची कुपी. बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या पोटात असते." "हे पट्टा अडकवायचं कडं." एकदा एक गृहस्थ मोठ्या ऐटीत पणजोबांच्या बंदुकीचा भाग घेऊन आले. पारखीण म्हणाली, "हा शिवणयंत्राचा दांडा आहे. पणजीबाईंनाही लढाईवर धाडलं होतं का?" गृहस्थ तोंड पाडून गेले आणि महिनाभर त्या रस्त्याने फिरकले नाहीत.

जिभेला अशी धार असलेली ही बाई एका गोष्टीला मात्र घाबरायची. दुपारी जेवणं आटोपली की ती दाराकडे पाठ करून बसायची. त्या वेळी दुकानासमोर पूर्वी एक म्हातारी येऊन उभी राहत असे. तिचा मुलगा नेमबाजीच्या मैदानावर हातातली रायफल फुटून मेला होता, आणि ती रायफल दुरुस्त करणाऱ्या डेपोचे मुख्य कारागीर होते पारखिणीचे वडील. म्हातारी शिव्या देत नसे, रडत नसे. वडिलांच्या हातांकडे बघत राही आणि निघून जाई. ती वारून जमाना झाला. तरी त्या घटकेला दारात कुणीतरी उभं आहे असं पारखिणीला आजही वाटे. वेडेपणा आहे, असं ती स्वतःला बजावायची, आणि तरी मागे वळून बघायची नाही.

वडिलांची नोकरी चौकशीत गेली. पुढे त्यांनी याच दुकानात कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त केले. डेपोत त्यांच्या हाताखाली त्यांचा धाकटा भाऊ होता. तो नोकरीत राहिला, निवृत्त झाला, आणि बायको गेल्यावर पारखिणीकडेच राहायला आला. दुकानामागच्या खोलीत आता हे काका असत. डोळे पार गेलेले, पण कान तिखट. दुपारच्या शांततेत ते मध्येच हवेत बोलत, "दादा, हळू घास रे, कानाला लागतं." कानस तर भिंतीवर टांगलेली असे. पारखिणीच्या अंगावर काटा यायचा.

बाबांची खरंच चूक होती का, एवढंच तिला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं. विचारलं की बाबा कुलपात डोकं घालत. काकांना विचारलं तर ते म्हणत, "झालं गेलं गंगेला मिळालं." फुटलेल्या रायफलीचा बोल्ट चौकशीनंतर डेपोच्या कोठारात गेला, आणि तिथे बाहेरच्या माणसाला कोण जाऊ देतो!

आणि मग डेपोच बंद झाला. कोठारवाला खोकं घेऊन दुकानात आला. "बाई, यातल्या कशावर काही लिहिलेलं नाही. संग्रहालयाला द्यायचंय. कुठली वस्तू काय, ते सांगून ठेवा. उद्या येतो."

तिने एकेक जिन्नस काढून टेबलावर मांडला. स्प्रिंगा, नळी पुसायची दोरी, दस्त्याची पितळी पट्टी. तळाशी एक बोल्ट होता. काडतूस आत ढकलून नळीचं तोंड बंद करतो तो दांडा. त्याच्या पुढच्या टोकाला दोन कान असतात, सगळा धक्का तेच सोसतात. याचा एक कान तुटला होता. दुसरा दबून बसला होता.

हाच तो. सांगायला कुणी लागलं नाही.

ती उजेडात सरकली. कानाच्या पोलादावर कडक सालीचा पातळ थर असतो. बोल्ट घट्ट बसत असेल तर बदलायचा, कानाला कानस लावायची नाही, हा पहिला धडा. साल गेली की आतलं मऊ लोखंड गोळीगणिक दबत जातं आणि एक दिवस घात करतं. इथे कुणीतरी घाईने साल घासून काढली होती. कानशीच्या रेघा अजून दिसत होत्या. त्या तिरप्या होत्या, पण उलट्या बाजूला. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा अशा पडत नाहीत. बाबांचा हात उजवा होता. डावखुरं घरात एकच माणूस होतं.

तिला आधी आनंद झाला. बाबा सुटले! ती मोठ्याने हसलीसुद्धा. मग तिला राग आला. या माणसाला तिने ताट वाढलं होतं, त्याची औषधं आणली होती, थंडीत त्याचे पाय चोळले होते.

ती आत गेली आणि बोल्ट काकांच्या हातात ठेवला.

काकांची बोटं दांड्यावरून पुढे सरकली, कानाशी पोचली आणि थांबली.

"कुठं मिळाला?"

"ते राहू द्या. हे काम कुणाचं, काका?"

"दादानं ओळखलं होतं," काका म्हणाले. "चौकशीच्या टेबलावर ठेवला होता. त्यानं उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. आणि म्हणाला, साहेब, हे माझंच काम."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी उभा होतो. माझं लग्न ठरलेलं होतं गं. वाटलं, आज नको, उद्या सांगू."

"आणि बाबा? घरी काही बोलले नाहीत?"

"माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. एका पंगतीला जेवायचो आम्ही, पोरी. मरेपर्यंत बघितलं नाही."

बाबांनी जाणूनबुजून हे ओढवून घेतलं होतं. त्या म्हातारीसमोर रोज हात उघडे टाकून बसले होते, दुसऱ्याच्या पापासाठी. तिला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच दमात त्यांचा भयंकर राग आला. भावाला वाचवताना बायको-मुलीचा त्यांनी विचार केला होता का?

दुसऱ्या दिवशी कोठारवाला आला. तिने मधलं दार सताड उघडं ठेवलं होतं. काका खाटेवर बसलेले दिसत होते. एकेक जिन्नस सांगून झाला. शेवटी त्याने बोल्ट उचलला. "हा त्या फुटलेल्या रायफलीचा वाटतो. म्हणजे तुमच्या वडिलांचं..." तो ओशाळून थांबला.

पारखीण थांबली. मुद्दाम थांबली. आतून एक शब्द येईल म्हणून तिने कान टवकारले. काका खाकरले, आणि मूग गिळून बसले.

"माझ्या वडिलांचं नाही," ती म्हणाली. "या रेघा डावखुऱ्या हाताच्या आहेत. माझ्या काकांच्या. आत बसलेत, विचारा हवं तर."

कोठारवाल्याने विचारलं नाही. मान खाली घालून त्याने खोकं बांधलं आणि तो निघून गेला.

भिंत चाचपत काका दारापर्यंत आले. "दादाला खोटं पाडलंस तू," ते म्हणाले. "एवढं एकच तर मागितलं असतं त्यानं, की माझा शब्द मोडू नका."

"बाबा खोटंच बोलले होते, काका," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तुमच्यासाठी बोलले. तुम्ही एकदा तरी खरं बोलाल म्हणून मरेपर्यंत थांबले. मी आत्ता थांबले ना, तसेच."