दसऱ्याची अक्षत आणि जयवंताबाईंचा कॉम्प्युटर

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत जयवंताबाईंचे घर कुणाला विचारावे लागत नसे. कान उघडे ठेवून चालले की पाय आपोआप तिथे थांबत. खडखड खडखड, मग टिण्, मग गाडा मागे सरकल्याचा सर्रकन आवाज, आणि या सगळ्या वाद्यमेळावर चढलेला बाईंचा स्वर : "बोटाकडं पाहू नोको, सुधा. बोटाले माहीत हाये कुठं जायचं ते."

काय आवाज होता तो! त्याला माइक कधी लागला नाही. अशा आवाजाची माणसे रंगभूमीला मिळत नाहीत, ती कुठल्यातरी नालवाडीत टायपिंग क्लास चालवत असतात.

बाई मूळच्या तळेगाव श्यामजीपंतच्या, शेतकऱ्याच्या लेक. ठेंगणी, सावळी मूर्ती, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. लग्न होऊन वर्ध्याला आल्या तेव्हा शिक्षण सातवीपर्यंत. नवरा वासुदेवराव सरकारी कचेरीत कारकून, स्वभावाने इतका मऊ की चहात साखर कमी पडली तरी कपाकडेच पाहत बसायचा. त्याने कचेरीच्या लिलावातून एक जुना टाइपरायटर घरी आणला, जास्तीचे काम करायला. काम तो करी आणि बाई भाकरी थापताना त्याच्या बोटांकडे बघत. एके दिवशी तो घरी आला तर पानभर मजकूर तयार. पुढे लेक नलूला मांडीवर घेऊन सराव करत बाईंनी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली, आणि १९७४ साली ओसरीवर क्लासची पाटी लागली. पवनारच्या मुली एसटीने येत. कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत बाईंच्या हाताखालच्या पोरी लागल्या. "माह्या पोरीचं पान खाडाखोडीचं नसते," हे वाक्य त्या इतक्या ऐटीत म्हणत की समोरचा पान न बघताच मान डोलावी.

मग १९८८ उजाडले. नलू नागपूरला कॉम्प्युटर शिकून आली आणि जेवताना म्हणाली, "आई, दोन-चार वर्षांत टाइपरायटरले कोणी विचारणार नाई."

बाईंनी घास खाली ठेवला. आठवडाभर गप्प राहिल्या. बाई गप्प म्हणजे शेजाऱ्यांना काळजी. मग उठल्या आणि निम्मे टाइपरायटर विकून मोकळ्या झाल्या. पुढच्या खोलीत प्लास्टिकची चटई अंथरली, कूलर बसवला, धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे शिवले. दसऱ्यानंतर पहिली तुकडी सुरू होणार असा बाईंनी घरोघर शब्द दिला, आणि त्या शब्दावर आईबापांनी पोरींची नावे घातली.

कॉम्प्युटर घेतला गावातल्याच दुकानातून. 'दीपमाला रेडिओज', मालक कृष्णकांतभाऊ. रेडिओ, मिक्सर, टीव्ही आणि आता हे नवे नवल. दुकानातला मेकॅनिक श्रावण दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ऑटोतून पेट्या घेऊन आला. सगळे टेबलावर मांडून झाल्यावर म्हणाला, "काकू, एकदा चालवून दाखवतो. मंग सही घेतो."

"आज नाई," बाई म्हणाल्या. "उद्या दसरा."

"दाखवू दे ना, नलूची आई," वासुदेवराव पुटपुटले.

"नवी सून घरात आली आन् तिले लगेच चुलीपाशी बसवता का? उद्या पूजा, मंग काम."

श्रावणने मान खाजवली. बाईंनी सही केली. घराघरांत होते तीच चूक होती ती. आपल्याकडे नवा ट्रॅक्टरसुद्धा नारळ फुटल्याशिवाय शेतात उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी खोली पोरींनी भरली. चपला बाहेर, उदबत्ती आत. बाईंनी कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूचे फूल ठेवले, आपट्याचे पान ठेवले आणि अक्षता उचलल्या. नलू "आई, हळू!" म्हणून टॉवेल घेऊन धावली, पण हात आधीच सुटला होता. मग नलूने फ्लॉपी आत सरकवली, कळ दाबली. फ्लॉपी फिरवणाऱ्या ड्राइव्हचा बारीक दिवा लागला. फ्लॉपी फिरण्याची घरघर काही येईना. पुन्हा दाबली. दिवा लागला, विझला. ज्या फ्लॉपीवाचून ते यंत्र सुरूच होत नव्हते, ती आत नुसती पडून होती. पोरी हातात पेढे घेऊन उभ्या, आणि पेढा तोंडात टाकावा की नाही हे एकीलाही कळेना.

कॉम्प्युटर चालत नसल्याचा निरोप नलूने दुकानात पोचवला. श्रावण येऊन बघून गेला आणि कृष्णकांतभाऊंना म्हणाला, फ्लॉपीच्या फटीपाशी कुंकू आहे. झाले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात गेल्या तेव्हा भाऊंनी हात जोडले आणि डोक्यावरच्या पाटीकडे बोट केले : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"वर्षाची गॅरंटी देली तुमी."

"यंत्राची दिली, बाई. पूजेची नाही दिली. चालू करून न बघता माल ताब्यात घेतला, वरून हळद, कुंकू, तांदूळ. आता मी कंपनीला काय सांगू, सत्यनारायण झाला म्हणून?"

दुकानातले दोघे-तिघे हसले. कृष्णकांतभाऊ काही वाईट माणूस नव्हते. गणपतीत पोरांच्या नाटकाला दिवे फुकट देत. पण हशा मिळाला की नटाला जे होते तेच त्यांना झाले : तेच वाक्य ते दिवसभर गिऱ्हाइकांना ऐकवत राहिले.

बाजारात ती गोष्ट वाढत वाढत गेली. बाईने कॉम्प्युटरला दह्यादुधाने आंघोळ घातली इथपर्यंत. त्या आठवड्यात दोन बाप येऊन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "पोरीचं पाहू पुढच्या सालात, बाई." चिडले असते तरी बरे होते, ते समजूत काढल्यासारखे बोलत होते. बाईंना ते फार लागले. निम्मी यंत्रे गेली, नव्या खोलीला कुलूप, आणि चौदा वर्षे ज्या शब्दावर पोरी घराबाहेर पडल्या तो शब्द आता लोकांना हसू आणत होता.

वासुदेवरावांनी त्या रात्री, न विचारता, एक बातमी वाचून दाखवली. दोन वर्षांपूर्वी ग्राहकांसाठी कायदा झाला होता. वस्तूत दोष निघाला तर दुकानदाराने दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी, नाहीतर पैसे परत करावेत.

"त्यात पाटीबद्दल काय लिवलं हाये?"

"पाटी लावली म्हणून दुकानदार सुटत नाही, असं लिहिलंय."

"पूजेबद्दल?"

"पूजेबद्दल काही नाही."

"मंग झालं तं." बाई उठल्या. "कोर्टात जावं लागलं तं जाऊ. पन त्यानं माह्यावर दुकानात लोक हसवले, मी पहिले दुकानातच जातो."

शनिवार होता. सकाळी दीपमाला रेडिओजसमोर दोन हातगाड्या थांबल्या. एकीवर कॉम्प्युटर, चादरीत गुंडाळलेला. दुसरीवर उरलेले सगळे टाइपरायटर आणि क्लासची बाके. मागे नलू, आणि मागे पोरी, वेण्या घट्ट, हातात कोरे कागद. दुकानापुढच्या ओट्यावर बाके लागली, यंत्रे लागली, आणि कृष्णकांतभाऊ आतून "अहो, अहो" करत बाहेर येईपर्यंत बाईंनी टाळी वाजवली.

खडखड खडखड. टिण्. सर्रकन.

"हे काय चाललंय, बाई?"

"क्लास."

"इथे?"

"कॉम्प्युटर इथं बंद पडला हाये, तं कॉम्प्युटरच्या पोरी इथंच बसतील. सुधा, बोटाकडं पाहू नोको. भाऊकडं बी पाहू नोको."

बाजार थांबला. सायकली भिंतीला टेकल्या. पहिल्या रांगेत भाजीवाल्या, त्यांच्या मागे हमाल, पानठेल्यावरचे पान तोंडात धरून आलेले. पडदा नव्हता, तिसरी घंटा नव्हती, पण असे भरलेले थिएटर क्वचितच पाहायला मिळते. तासभर ती खडखड चालली. एक गिऱ्हाईक रेडिओ ऐकून बघायला आले आणि काही ऐकू न येऊन परत गेले.

शेवटी भाऊ म्हणाले, "ठीक आहे. सगळ्यांसमोर उघडतो. आत कुंकू निघालं तर माझं नाव घ्यायचं नाही."

श्रावणने कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला, स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला. मान खाली घातली आणि चिमट्याने एक दाणा वर काढला. लालसर. अख्खा. अक्षतच.

गर्दीतून एक लांब 'आऽऽ' निघाला. नलूने डोळे मिटले. भाऊंनी तो चिमटा दिवा दाखवावा तसा सगळ्यांना दाखवला. "बघा. मी काय खोटं बोलत होतो?"

बाईंनी हात पुढे केला. दाणा तळव्यावर घेतला.

"माह्याच हातचा हाये," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेले. "मी कुठं नाई म्हनतो? मले या यंत्रातलं काई समजत नाई, भाऊ. पन तुमाले तं समजते. या दाण्यानंच बंद पडला, असं तुमचं म्हननं हाये ना?"

"दुसरं काय?"

"मंग नवा ड्राइव्ह काढा कपाटातून. चालू करा. मी हाच दाणा त्यात टाकतो. बंद पडला तं दोन्ही माह्ये, दोन्हीचे पैसे देतो, आन् तुमच्या दुकानासमोरून बिनाचपलेची घरी जातो. नाई पडला तं तुमी बोला काय करायचं ते."

भाऊंनी कपाटाकडे पाहिले. मग श्रावणकडे. श्रावण स्क्रू मोजण्यात गुंतला होता.

"टाका ना भाऊ दाणा," मागून हमालांपैकी कुणीतरी म्हणाले.

"आन् त्या टीव्हीवर स्वस्तिक कोनाचं हाये हो?" एका भाजीवालीने आत बोट दाखवले. "गल्ल्यावर बी हाये. तुमची गॅरंटी कोन देते मंग?"

आता हशा दुसऱ्या बाजूने आला. भाऊंनी तो ओळखला. चांगला नट कधी वाद घालत नाही, प्रवेश बदलतो. ते कपाटापाशी गेले, पण नव्या पेटीवर त्यांचा हात थबकला. या दाण्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता, आणि ते आता सगळ्या बाजाराला दिसत होते.

"श्रावण, बदलून दे," ते म्हणाले. "दाणा राहू द्या, बाई."

श्रावणने नवा ड्राइव्ह बसवला. चादर गुंडाळायला लागला तसा बाईंनी त्याचा हात धरला. "इथंच लाव."

"आज शनिवार आहे," भाऊ म्हणाले, आणि यात टोमणा नव्हता, खरोखरची काळजी होती. "सोमवारी घरी चांगल्या वेळेवर लावा."

"इथंच. आत्ता."

कॉम्प्युटर ओट्यावर मांडला गेला. नलूने फ्लॉपी सरकवली. दिवा लागला, आणि आतून मांजर घुरघुरावे तशी घरघर निघाली. हिरवी अक्षरे पडद्यावर चढू लागली. पोरी टाळ्या वाजवायच्याही विसरल्या.

भाऊंनी बिलाच्या मागे लिहून कागद पुढे केला. बाईंनी तो सावकाश वाचला आणि परत काउंटरवर ठेवला.

"'गिऱ्हाइकाशी संबंध जपण्याखातर मेहेरबानी म्हणून,'" त्यांनी मोठ्याने वाचले. "हे खोडा."

"अहो, बदलून दिला ना? आता शब्दांत काय आहे?"

"मी मेहेरबानी मांगाले आलो नव्हतो. ड्राइव्ह खराब होता. 'सदोष' लिवा."

"बाई, ते लिहिलं तर उद्या प्रत्येक जण…"

"हो. येऊ द्या."

भाऊ उभे राहिले. बाई बसल्या. त्यांनी पोरींकडे वळून नुसते बोट वर केले, आणि खडखड पुन्हा सुरू झाली. भाऊंनी कपाळ पुसले, श्रावणला चहा सांगितला, चहा आला, गार झाला. मग त्यांनी पेन उघडले, ओळ खोडली आणि वर लिहिले : 'सदोष ड्राइव्ह बदलून दिला.' सही केली. शिक्काही मारला, जरा जोरातच.

बाईंनी कागद नलूच्या हातात दिला. पोरी बाके उचलू लागल्या, हातगाडीवाल्याने दोर सोडला. तेवढ्यात गर्दी बाजूला करत पवनारचे नत्थूजी पुढे आले. धोतराच्या घडीत धरावी तशी एक कापडी पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. पिशवीतून त्यांनी एक ट्रान्झिस्टर काढला आणि भाऊंकडे न बघता बाईंकडे बघत म्हणाले, "हा पोळ्यापासून बोलतच नाई, बाई. मले पाटी दाखवून वापस पाठोलं होतं."

बाईंनी हातगाडीवाल्याला हाताने थांबवले. एक बाक पुन्हा खाली ठेवायला लावला आणि त्याच्या एका टोकाला बसल्या.

"बसा, नत्थूजी," त्या म्हणाल्या. "भाऊ, यांचं बी पाहा."