गिरणीतून दिलेली ओ

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... लिहितोय ते माझ्या वयनीसाठी, माझ्या भावाच्या बायकोसाठी. ती खोटं बोलत नव्हती.

साठ-एकसष्ट साल असेल. मिठबावात मी भाताच्या गिरणीवर कामाला होतो. इंजिन सुरू झालं की शेजारचा काय बोलतोय तेही कळायचं नाही, सगळं काम खुणांवर. एका दुपारी त्या धडधडीत, अगदी कानाशी आल्यासारखी हाक ऐकू आली — "बाबग्या!" मला बाबग्या फक्त वयनी म्हणायची. मी जोरात "ओ!" दिली.

माझं तोंड उघडलेलं बघून माझा सोबती गुणाजी कानाशी येऊन ओरडला, "कोणाक ओ देतस रे? लगीन ठरला काय तुझा?"

मी इंजिन बंद केलं. कान देऊन ऐकलं... काही नाही. घरी जाऊन बघावं असं वाटलं. पण गुणाजी हसत होता. मी पुन्हा इंजिन सुरू केलं.

त्याच दुपारी वयनी आणि शेजारची फिलोमिना डोंगरापलीकडे, खाडीच्या तोंडाशी खडपावर, खडकाला चिकटलेली कालवं काढत होत्या. भरतीनं त्यांना गाठलं. होडीवाल्यांनी वयनीला वाचवलं. फिलोमिना गेली.

"पाणी गुडघ्याएवढाच होता," वयनी रडत सांगायची. "फिलू म्हणाली, चल गो. मीच तिका थांबवलंय. बाबग्याक हाक मारलंय, त्येना ओ दिल्यान! तो येतलो म्हणान थांबलंव..."

भावानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू ओ दिलंस?"

"गिरणीतसून? खुळावली ती," मी म्हणालो.

गुणाजीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

मग गावानं ठरवलं, खाडीतल्या कशानं तरी ओ दिली. वयनी बाधलेली ठरली. बायका तिच्याकडे पोरं ठेवीनात. फिलोमिनाची आई आमचा उंबरा पुन्हा चढली नाही.

माझा जावई कानाचा डॉक्टर आहे. मी त्याला एकदा आडवळणानं विचारलं. तो म्हणाला, "गोंगाटात मेंदू आपलं नाव बरोबर वेचतो. कधी कधी नसलेलंही ऐकवतो." असेल... पण माझी ओ डोंगर ओलांडून तिला कशी ऐकू गेली?

शेवटच्या आजारात तिनं मला जवळ बोलावलं.

"बाबग्या, ती ओ तुझीच मां रे?"

वर पंखा घरघरत होता. ऐकू आलं नाही असं दाखवून मी तिची चादर सारखी केली. "वयनी, माका माफ कर" — एवढंच बोलायला मी तिथं गेलो होतो.