पहिल्या पाळीचं रान

बायडाबाई भित्री होती, यात वादच नाही. लांडग्याला भ्यायची, विजेला भ्यायची, हातात कागद घेऊन येणाऱ्या माणसाला तर सगळ्यांत जास्त. नवरा गेल्यावर चाळीस मेंढरं तिनं या भीतीच्याच जोरावर राखली, कारण तिचा डोळा कधी गाढ लागायचाच नाही.

माण तालुक्यातली तिची हाकेवाडी म्हणजे वीस उंबऱ्यांची धनगरवस्ती. मीठ-तेल घ्यायला आणि मेंढरं विकायला शेजारच्या थोरल्या गावाचा बाजार. त्रेसष्ट साली त्या गावच्या पंचायतीनं ठरवलं, बाजारात बाहेरचं मेंढरू आलं की डोईमागं रुपाया पट्टी. गावच्यांना मात्र माफ! केवढं हे शहाणपण!

वाडी बिरोबाच्या देवळापुढं जमली. तरणा अर्जुना तावातावानं म्हणाला, "त्यांच्या गाड्या अडवू. त्यांच्या मिठा-तेलावर आपूनबी पट्टी बसवू."

बायडाबाई चारचौघांत कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी कशी कोण जाणे, बोलून गेली. "आवं, मीठ आपल्यालाच लागतंय न्हवं? म्हाग हुईल ते आपल्याच चुलीला. त्यास्नी आपलं काय लागतंय ते बगा की. शिमगा झाला की आपली मेंढरं त्यांच्या रानात बसत्यात, त्या खतावर त्यांचं पीक येतंय. औंदा बसवायचीच न्हाईत."

माना डोलल्या. मग म्हातारे कारभारी धोंडीबा हळूच म्हणाले, "ब्येस बोललीस. पर पयली पाळी तुज्याच व्याह्याच्या रानाची असती."

हे बायडाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकुलती लेक हरणा थोरल्या गावात दिलेली. व्याही केरबा, त्यांचा मान म्हणून दरसाल पहिली मेंढरं त्यांच्या रानात बसायची. यंदाही तिथं बसवली तर वाडीत तिचं कोण ऐकणार? आणि नाही बसवली, तर त्या घरात हरणाला सुखाचा घास कोण खाऊ देणार?

शिमगा झाला. तिचा कळप थोरल्या गावाच्या शिवारातून पुढं निघाला. कळपापुढं चालणारी घंटेची मेंढी सवयीनं केरबांच्या रानात वळली, तिच्यामागं बाकीची. बायडाबाई जागीच थांबली. बांधावर केरबा उभे होते. नुसते बघत होते. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात हरणा धावत आली आणि त्या मेंढीचा कान धरून तिला वाटेवर घेऊन आली.

"जा आये. मागं बगू नगंस."

"तुला तरास देतील गं."

"जा म्हंते न्हवं!"

मग वाडीचा एकही कळप त्या शिवारात थांबला नाही. वैशाखात पेरणी तोंडावर आली आणि रानात खताचा पत्ता नाही, तशी पंचायत नमली. पट्टी उठली, पण वाडीची मेंढरं तोवर दुसऱ्या गावांच्या रानांत बसून झाली होती. अर्जुनानं भंडारा उधळला, बायडाबाईच्या कपाळालाही लावला. ती हसली नाही.

नागपंचमीला वाडीच्या सगळ्या लेकी माहेरी आल्या. बायडाबाई सकाळपासून वेशीवर उभी होती. दुपार टळल्यावर केरबांचा गडी आला, एकटाच.

"मालकांनी सांगितलंय, आदी मेंढरं रानात बसू द्या. मग लेक धाडू."

मेंढरं बसायची ती शिमग्यानंतर. त्याला अजून सात महिने होते.

"पोर बरी हाय न्हवं माजी?" तिनं विचारलं.

गड्यानं खाली बघितलं, आणि तो माघारी वळला.